किराताच्या मस्तकावरील माळ

महाभारताच्या वनपर्वातील किरात आणि अर्जुन यांच्या युद्धाची कथा गीताप्रेमी वाचकांस अपरिचित नाही. दिव्यास्त्रांच्या प्राप्तीसाठी अर्जुन हिमालयात तप करीत होता. मूक नावाचा दैत्य वराहाचे रूप घेऊन त्याच्यावर चालून आला. त्याच वेळी एक किरात तेथे प्रकट झाला आणि दोघांचे बाण एकदमच त्या वराहास लागले. शिकार कोणाची, यावरून वाद उत्पन्न झाला. अर्जुन हा क्षत्रिय, राजपुत्र, द्रोणाचार्यांचा पट्टशिष्य. समोर उभा तो रानात हिंडणारा एक डोंगरी मनुष्य. अर्जुनाने त्यास कठोर शब्दांनी दटावले आणि शब्दांवरून गोष्ट बाणांवर गेली. अर्जुनाचे भाते रिकामे झाले, धनुष्य हातचे गेले, खड्ग भंगले आणि अखेरीस बाहुयुद्धात तो मूर्च्छित होऊन पडला. सावध झाल्यावर त्याने मातीची वेदी केली, शंकराचे ध्यान करून तीवर माळ वाहिली आणि मान वर करून पाहतो तो तीच माळ किराताच्या मस्तकावर!

आमचे गुरुजी पाठशाळेत ही कथा सांगताना एका गोष्टीकडे आमचे लक्ष वेधीत. ते म्हणत, "मुलांनो, माळ दिसली तेव्हा किराताने आपले रूप पालटलेले नव्हते. रूप तेच, मुख तेच; पालटली ती अर्जुनाची दृष्टी." त्या वयात या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. पाठांतर पुष्कळ होते, अर्थ मागाहून येतो. या वाक्याचा अर्थ मला कळावयास चाळिशी उलटावी लागली, आणि तोही माझ्या एका अपराधामुळे कळला. तो अपराध सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अधिकार नाही, म्हणून प्रथम तोच सांगतो.

एका शनिवारची गोष्ट

मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी आमच्या जबलपुरातच आढळले. ते दुबईहून आणि जर्मनीहून परतलेल्या प्रवाशांपैकी होते, हेही वर्तमानपत्रांत छापून आले होते. म्हणजे रोग कोणत्या वाटेने आला याविषयी नगरात अज्ञान नव्हते. तथापि भयाला वर्तमानपत्र वाचण्याची सवड नसते.

आमच्या घराच्या माडीवरील खोलीत त्या वेळी मिझोरममधून परिचारिकेच्या शिक्षणासाठी आलेली एक मुलगी भाड्याने राहत होती. वर्तणूक अत्यंत शालीन, भाडे वेळेवर, माझ्या पत्नीस ती "चाची" म्हणे आणि मला "पंडितजी". दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गल्लीतील चार सभ्य गृहस्थ माझ्या ओसरीवर आले. त्यांचे म्हणणे असे, की हा रोग चिनी आहे, ही मुलगीही त्या तोंडवळ्याची आहे, तेव्हा गल्लीच्या हितासाठी तिला येथून हलवावे. मी त्यांना सांगावयास हवे होते, की ऐजॉल हे भारतातील नगर आहे, मुलगी कित्येक महिन्यांत जबलपूर सोडून कोठे गेलेली नाही, आणि ज्या प्रवाशांना रोग झाला त्यांचे तोंडवळे तुमच्याआमच्यासारखेच आहेत. यातले मी काहीही बोललो नाही. मी त्या मुलीस बोलावून इतकेच म्हणालो, "चार दिवस वसतिगृहात मैत्रिणींकडे राहून ये. वातावरण निवळले की परत ये." तिने माझ्याकडे एकवार पाहिले, वळकटी बांधली आणि संध्याकाळ होण्यापूर्वी ती गेली.

त्या दिवशी माझ्या मेजावर कोणते कागद होते, हे सांगावयास संकोच वाटतो. गीतेच्या पाचव्या अध्यायावरील शांकरभाष्याचे भाषांतर मी करीत होतो आणि समदर्शनाच्या सुप्रसिद्ध श्लोकाशी येऊन थांबलो होतो.

श्रावणात मी तिला दूरध्वनी केला आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "पंडितजी, तुम्ही मला काही वाईट बोलला नाहीत." मग थोडी थांबून म्हणाली, "तुम्ही काही बोललाच नाहीत."

दोष एका गल्लीचा नव्हे

ही गोष्ट आमच्याच गल्लीत घडली असती तर तिची चर्चा या पृष्ठांवर करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्याच मार्च महिन्यात ईशान्येकडील नागरिकांचा रोगाच्या निमित्ताने छळ होत असल्याबद्दल केंद्रीय गृहमंत्रालयास सर्व राज्यांना सूचना धाडावी लागली. दिल्लीत आणि मुंबईत मणिपुरी तरुणींच्या अंगावर थुंकण्यापर्यंत काही जणांची मजल गेली. त्यापूर्वी ऑगस्ट २०१२ मध्ये नुसत्या अफवांमुळे बंगळूरू, पुणे आदी नगरांतून ईशान्येकडील सहस्रावधी विद्यार्थी व कामगार भयभीत होऊन गावाकडे निघाले आणि बंगळुरूहून त्यांच्यासाठी खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यातूनही विद्यार्थ्यांना पळावेसे वाटावे, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये.

जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया हा तरुण विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरात केसांवरून झालेल्या चेष्टेतून उद्भवलेल्या मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात कायद्याच्या उपायांबरोबरच ईशान्येचा इतिहास व संस्कृती शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत आणावी असेही सुचविले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा प्रकारांवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. हे सर्व योग्यच झाले. परंतु कायदा फार तर उगारलेला हात धरू शकतो. डोळ्यात जी अढी असते ती त्यास दिसत नाही. तिचे निदान शास्त्रालाच करावे लागते.

ज्ञानाचे तीन प्रकार

हे निदान गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. तेथे भगवंतांनी ज्ञानाचेही सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद केले आहेत. विभक्त दिसणाऱ्या सर्व भूतांमध्ये एकच अविभक्त भाव ज्याने दिसतो ते सात्त्विक. भूते निरनिराळी आहेत, त्यांचे भाव निरनिराळे आहेत, एवढ्यावरच जे थांबते ते राजस. आणि कोणत्या तरी एकाच कार्यास, एकाच अंशास, तेच जणू सर्वस्व आहे असे मानून जे चिकटते, ज्याला युक्तीचा आधार नाही आणि तत्त्वार्थाचा स्पर्श नाही, ते तामस.

वाचकांनी या तिसऱ्या लक्षणाकडे नीट पाहावे. मनुष्य म्हणजे त्याची भाषा, त्याचे आईबाप, त्याचे कष्ट, त्याची भक्ती, त्याचे भय, त्याचे कौशल्य. इतक्या सगळ्यातून डोळ्यांची ठेवण तेवढी उचलावयाची आणि तिलाच तो मनुष्य समजावयाचे, हे एका अंशास सर्वस्व मानणे नव्हे तर काय? आपण वंशद्वेषास साधारणतः क्रोधाचा किंवा दुष्टपणाचा प्रकार समजतो, आणि आपण क्रोधी नाही, दुष्ट नाही, अशी खात्री असल्यामुळे हा विकार आपल्या वाटेस येणार नाही असे मानून निश्चिंत राहतो. परंतु गीतेच्या दृष्टीने पाहता त्याचे मूळ जाणण्याच्या दोषात आहे. माझ्या ओसरीवर आलेले ते चार गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या घरच्या आजारपणात रात्री जागवलेल्या आहेत. त्यांचे ज्ञान तामस होते आणि माझे मौन त्या ज्ञानाच्या पदरी चाकरीस होते.

आता समदर्शनाचा विचार. "समदर्शी" म्हणजे सर्वांना समान लेखणारे, असा अर्थ आपण सहज करतो. आचार्यांचे भाष्य त्याहून सूक्ष्म आहे. त्यांच्या मते "सम" हे पाहण्याच्या रीतीचे विशेषण नसून जे पाहावयाचे त्याचेच नाव आहे. सम म्हणजे एक, निर्विकार ब्रह्म. पुढच्याच श्लोकात ब्रह्मास निर्दोष आणि सम म्हटले आहे, त्याने या अर्थास बळकटी येते. तेव्हा समदर्शी म्हणजे ज्यास सर्वत्र ते एकच दिसते तो. हा भेद व्याकरणाचा नाही. "मी सर्वांना समान लेखतो" या वाक्यात लेखणारा मी उंचावर बसलेला असतो आणि इतरांस समानतेचे दान करीत असतो. "मला तेथे तेच दिसते" या वाक्यात दान नाही, उपकार नाही. अर्जुनाने किरातास समान लेखण्याची कृपा केली नाही. त्यास आपण वाहिलेली माळ तेथे दिसली.

तीन आक्षेप

येथे काही आक्षेप संभवतात. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त पक्का होत नाही, म्हणून त्यांचा विचार क्रमाने करू.

पहिला आक्षेप आमच्याच परंपरेतून येतो. समदर्शन सांगितले आहे, समवर्तन नव्हे. आत्मा एक असला तरी व्यवहारात भेद पाळावाच लागतो, असे म्हणतात. यावर उत्तर असे. व्यवहारात भेद लागतो तो ज्याच्या त्याच्या गरजेपुरता. हत्तीस आणि गायीस एकाच मापाने चारा घालता येत नाही, आजाऱ्यास आणि धडधाकटास एकच पथ्य सांगता येत नाही. या भेदात दोघांचेही हित असते. परंतु कोणाचा अपमान करण्याने त्याचे कोणते हित साधते? हिताकरिता केलेला भेद समदर्शनास बाध आणीत नाही. तिरस्कारातून आलेला भेद, मग त्यास व्यवहार हे नाव दिले तरी, समदर्शन मुळात नव्हतेच असे सिद्ध करतो.

दुसरा आक्षेप असा, की "चिंकी", "मोमो" अशा हाका म्हणजे पोरांची थट्टा. तिचे एवढे अवडंबर कशास? सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे, त्याच्या कसोट्या पाहाव्या: उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर. या हाका चारही कसोट्यांवर उतरत नाहीत. आणि उद्वेग होतो की नाही हे बोलणाऱ्याने ठरवावयाचे नसते. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आत्मौपम्याचे माप दिले आहे: दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःवरून ताडून पाहणे. ते माप आपण लावून पाहू. १९८७ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे भारतीयांना मारहाण करणारी एक टोळी निघाली. आपल्या स्त्रिया कपाळी जी कुंकवाची टिकली लावतात, तिच्यावरूनच त्या टोळीने आपले नाव घेतले होते. टिकलीवाल्यांचा निःपात करणारे, असा त्याचा आशय. सौभाग्याचे चिन्ह तेथे चेष्टेचा आणि मग मारहाणीचा विषय झाले. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीत हाकलून देण्यात आले, त्यांत बहुसंख्य भारतीय वंशाचेच होते. २०२० नंतर अमेरिकेत रोगाच्या निमित्ताने आशियाई लोकांवर हल्ले वाढले, तेव्हा तेथील सरकारला २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आपली मुले आज त्या देशांत आहेत. कोणी त्यांना रस्त्यात "आपल्या देशी परत जा" म्हणाले, तर आपण त्यास थट्टा म्हणू काय?

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. पिढ्यान् पिढ्या नर्मदेचे पाणी पिऊनही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न येथील मराठी माणसास अजून ऐकावा लागतो. प्रश्न सौम्य असतो, विचारणाराही सज्जन असतो. तरी क्षणभर पायाखालची फरशी हलल्यासारखे होते. हा अनुभव ज्यास आहे त्याने तोच प्रश्न, त्याहून तीक्ष्ण करून, दुसऱ्यास विचारू नये.

तिसरा आक्षेप राष्ट्राच्या नावाने येतो: चीनशी आपले वैर आहे, तेव्हा तशा मुखाविषयी संशय स्वाभाविक आहे. यास प्रथम उत्तर असे, की ईशान्येकडील बंधू भारतीय आहेत. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये वीरमरण पत्करून महावीरचक्र मिळविणारे कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे हे नागालँडचे होते. जबलपूरसारख्या सैनिकी नगरास तरी हे सांगावे लागू नये. परंतु मी एवढ्यावर थांबणार नाही. कारण बलिदान दिले म्हणून आदर, ही अटही मनास बोचते. आपल्यापैकी किती जणांच्या आदराची अट बलिदान ही आहे?

वैर राज्याशी असते, चेहऱ्याशी नव्हे. हे विसरल्यामुळे १९६२ च्या युद्धानंतर पिढ्यान् पिढ्या भारतात राहिलेल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांच्यापैकी कित्येकांनी चीन देश पाहिलाही नव्हता. उलट आमच्याच जबलपूर विभागातील बालाघाट जिल्ह्यात, जेथे मराठी बोलणारी गावे पुष्कळ आहेत, तिरोडी येथे वांग छी नावाचे गृहस्थ राहिले. जानेवारी १९६३ मध्ये हा चिनी सैनिक वाट चुकून भारताच्या हद्दीत आला, सहा-सात वर्षे तुरुंगांत काढली आणि मग त्यास तिरोडीस आणून सोडण्यात आले. तेथे तो पिठाच्या गिरणीत राबला, तेथल्याच मुलीशी त्याचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. लोक त्यास राज बहादूर म्हणू लागले. आपल्या जन्मगावी तो २०१७ मध्ये, अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, गेला. प्रत्यक्ष शत्रुसैन्यातला मनुष्य एका खेड्यास आपल्यात सामावून घेता आला, आणि आम्हा शिकल्यासवरल्या लोकांस आपल्याच देशाची एक मुलगी माडीवर ठेवता आली नाही.

या आक्षेपास खरे उत्तर आपल्याच एका माणसाने आयुष्य वेचून दिले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यांत होते. हे पथक पाठविण्यात पुढाकार होता सुभाषचंद्र बोस यांचा, जे पुढील वर्षी जबलपूरजवळच्या त्रिपुरी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. कोटणीस तेथे राहिले, रुग्णसेवा करीत राहिले, तेथल्याच परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी, त्यांनी विवाह केला आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांच्या मुलाचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. परक्या मुखांत त्या लोकांना आपला माणूस दिसला होता, आणि कोटणीसांनाही.

परिप्रश्न

मग उपाय काय? चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची साधने म्हणून प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन सांगितली आहेत. ती गुरूसंबंधी आहेत हे खरे. परंतु ज्याच्याविषयी आपणास ज्ञान नाही, त्याच्यापुरता तोच आपला गुरू. प्रणिपात म्हणजे "मला ठाऊक आहे" हा अहंकार खाली ठेवणे. परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी विचारणे. "परि" या उपसर्गात प्रश्न फिरून आपल्याकडे येण्याचीही सोय आहे. चौकशी निराळी आणि परिप्रश्न निराळा. "तू कोणत्या देशाची?" ही चौकशी, तिच्यात उत्तर आधीच ठरलेले असते. "तुझ्या गावाच्या नावाचा अर्थ काय?" हा परिप्रश्न. आणि सेवा म्हणजे एका भेटीने काम संपले असे न मानता संबंध टिकविणे.

आमच्या गल्लीत रविवारी सायंकाळी गीतावाचन होते. बारा-पंधरा मंडळी जमतात, कोणी मराठी, कोणी हिंदीभाषी. २०२२ च्या हिवाळ्यात मी तेथे माझा अपराध सांगितला आणि त्या मुलीस व तिच्या दोन मैत्रिणींस बोलावण्याची अनुज्ञा मागितली. त्या आल्या. आम्ही एवढाच नियम केला होता, की पहिला अर्धा तास पाहुण्यांनी बोलावयाचे आणि आम्ही मध्ये समर्थन म्हणून काही बोलावयाचे नाही. हा नियम पाळणे किती कठीण, हे त्या दिवशी समजले. भाड्याची खोली तोंडवळा पाहून नाकारली जाते. भाजीत बांबूचे कोंब शिजविले की शेजारी नाकास पदर लावतात. एका प्रेक्षणीय स्थळी तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट मागितला गेला. हे त्या रडून नव्हे, हसून सांगत होत्या. ते हसू ऐकवत नव्हते. "नाही हो, लोक इतके वाईट नाहीत" असे म्हणावयास प्रत्येकाच्या ओठांवर शब्द येत होते.

पुढे एका वृद्ध काकूंनी विचारले, "मुली, तुमच्याकडे आम्हाला काय म्हणतात?" ती थोडी लाजली आणि म्हणाली, "मैदानातल्या परक्या माणसांना आमच्याकडे 'वाइ' म्हणतात. तो शब्द नेहमी प्रेमानेच उच्चारला जातो असे नाही, चाची." सगळे हसले आणि त्या हसण्याने खोलीतला ताण उतरला. दोष एका बाजूचा नाही हे कळल्याने आपला दोष कमी होत नाही. परंतु दोघांनी मिळून तो पाहता येतो.

मग तिने आपल्या भाषेतील "त्लॉमङाइहना" हा शब्द सांगितला. स्वतःची गैरसोय सोसून, फळाची वा स्तुतीची वाट न पाहता दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, हा मिझो समाजाचा धर्म. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या तरुण संघटनेचे सभासद गावात कोणी वारले की स्वतः खड्डा खणतात आणि शोकाकुल घरी सोबतीस जाऊन बसतात. माझ्या तोंडी "निष्काम कर्म!" असे शब्द आले. पण लगेच मी स्वतःस आवरले. त्यांच्या चांगुलपणास आमच्या ग्रंथातले नाव मिळाले तरच तो चांगुलपणा, ही अट पुन्हा आमचीच. ती मुलगी ख्रिस्ती आहे, तिची प्रार्थना निराळी आहे. तिने आमच्यासारखे दिसावे किंवा आमच्या पुराणात तिचा उल्लेख असावा, यावर तिचा मान अवलंबून नाही. सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९५१ मध्ये किरातजनांवरील आपल्या ग्रंथात भारतीय संस्कृतीच्या घडणीत या लोकांचा वाटा केवढा आहे हे दाखविले आहे. तो अवश्य जाणावा. परंतु वाटा आहे म्हणून प्रेम, असा हिशेब मांडू नये. आम्ही शिकविण्याच्या तयारीने बसलो होतो, शिकून उठलो.

तिसऱ्या बैठकीस माझ्या ओसरीवर त्या शनिवारी आलेल्या चौघांपैकी एक गृहस्थ येऊन मागे बसले. सबंध वेळ ते काही बोलले नाहीत. उठताना मात्र तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बेटी, तुझे नाव पुन्हा एकदा सांग. मला नीट म्हणावयाचे आहे." तिने सांगितले, त्यांचे चुकले, तिने पुन्हा सांगितले. चौथ्या खेपेस त्यांना जमले.

अनुष्ठान

वाचकांनी आपापल्या गावी, आपापल्या वाचनमंडळात, असा एक तरी संवाद घडवून आणावा अशी माझी नम्र विनंती आहे. त्यास द्रव्य लागत नाही. मुलांना ईशान्येकडील आठ राज्ये नकाशावर दाखवावी आणि तेथल्या एखाद्या माणसाचे नाव शुद्ध उच्चारावयास शिकवावे. संस्कृत उच्चारशुद्धीसाठी आपण किती झटतो! भाड्याने खोली देताना मुखाकडे न पाहता वर्तणुकीकडे पाहावे. आणि कोणी आपल्यासमोर अशा बंधूची थट्टा करील, तर त्याच क्षणी, सौम्यपणे पण स्पष्टपणे, बोलावे. वाणीचे तप म्हणजे केवळ कटू न बोलणे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. सत्य आणि हितकर बोलावयाचे असेल तर बोलावेच लागते, हे मला त्या मुलीने शिकविले.

गीता हा संवाद आहे, असे संजयाने आणि स्वतः भगवंतांनीही म्हटले आहे. तो ऐकण्याची योग्यता अर्जुनास कशाने आली, याचा विचार करताना मला नेहमी ती हिमालयातील वेदी आठवते. ज्याला त्याने झिडकारले होते त्याच्याच मस्तकावर आपली पूजा पोहोचलेली पाहिली, आणि तो पायां पडला. आपण रोज देवघरात जी माळ वाहतो ती कोठे जाऊन पडते, हे मान वर करून पाहिल्याखेरीज कळत नाही.

श्रीकृष्णार्पणमस्तु.